टॉवेलच्या ब्लॉकचेनचा 'पर्यावरणीय व सामाजिक परिणाम अहवाल' मागितलाय. काय लिहू?

कांडीवाला
गुरुवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे चोवीस माग आहेत. वडिलांनी आठ मागांवर सुरू केलं. मी वाढवलं की नुसतं फुगवलं, ते अजून ठरायचंय. मुंबईच्या एका एजंटामार्फत युरोपातल्या खरेदीदाराला माल जातो. गेल्या महिन्यात त्यांचा निरोप आला की पुढच्या हंगामापासून प्रत्येक लॉटची कुंडली ब्लॉकचेनवर हवी, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या, खोडता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर. कापूस कुठला, सूत कुठल्या गिरणीचं, रंगवलं कुठे, विणलं कुणी, सगळं. लेबलवर क्यूआर कोड.

इथवर ठीक होतं. ईमेलच्या शेवटी मात्र एक ओळ होती, की या ब्लॉकचेन प्रकल्पाचा स्वतःचा पर्यावरणीय आणि सामाजिक परिणाम अहवालही सोबत जोडावा. म्हणजे टॉवेलचा अहवाल वेगळा, साखळीचा वेगळा!

ही साखळी पुरवायला एक कंपनी तयार आहे. नाव घेत नाही. त्यांनी अहवालही आयताच दिला. अडतीस पानं, मुखपृष्ठावर तळहातातलं रोपटं. आत लिहिलंय, 'आमचं तंत्रज्ञान ९९ टक्के कमी वीज वापरतं.' कशापेक्षा कमी, ते नाही. सामाजिक भागात 'तळागाळातील भागधारकांचे सक्षमीकरण' असं एक वाक्य आणि त्याखाली हसऱ्या बाईचा फोटो. आमच्याकडे तळागाळात मागावरचे कामगार, कांड्या भरणाऱ्या आणि टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायका आहेत. त्यांचं सक्षमीकरण झाल्याचं त्यांना कुणी कळवलेलं नाही.

मला सही करायचीय त्या अडतीस पानांखाली, आणि हात धजत नाही. ब्लॉकचेन खरंच एवढी वीज खाते का? आणि सामाजिक म्हणून नक्की काय लिहायचं असतं? जाणकारांनी सांगावं. इंग्रजीची काळजी नको, ते आमचे मास्तर बघतील.


भुईकोट
गुरुवार, रात्री ११:०५

सही कर की बे, कोण वाचूलालंय ३८ पानं. मुखपृष्ठावरचं रोपटं तेवढं आपल्या उन्हात जगंल का बघ.


हॅशमास्तर
शुक्रवार, सकाळी ७:५०

(मूळचा साखर पेठेतला, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये.)

वीज खाते का, हा प्रश्न 'गाडी पेट्रोल पिते का' यासारखा आहे. कुठली गाडी ते आधी सांगा.

बिटकॉइनमध्ये जगभरची यंत्रं दर दहाएक मिनिटांनी एका आकड्याचा अंदाज बांधायची शर्यत लावतात. ज्याचा लागला त्याला बक्षीस, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ बिटकॉइन. हरलेल्यांची वीज फुकट गेली, पण ती फुकट जाणं हीच तिथली सुरक्षा, कारण खोटेपणा करायचा तर तेवढीच वीज जाळावी लागते. केंब्रिज विद्यापीठाने २०२५ च्या अहवालात खाण कंपन्यांना (ही शर्यत लावणाऱ्यांना) विचारून जो अंदाज काढला तो वर्षाला १३८ टेरावॉट-तास. आपल्या भाषेत १३,८०० कोटी युनिट. आपलं फताटेवाडीचं एनटीपीसीचं वीजकेंद्र १३२० मेगावॉटचं. ते वर्षभर एक मिनिट न थांबता पूर्ण क्षमतेने चाललं तर साधारण १,१५६ कोटी युनिट होतात. म्हणजे तशी बारा केंद्रं एकट्या बिटकॉइनला.

आता दुसरी गाडी. इथेरियम ही दुसरी मोठी साखळी आधी याच पद्धतीवर होती. १५ सप्टेंबर २०२२ ला त्यांनी शर्यत बंद केली. आता ३२ इथर (त्यांचं नाणं) तारण ठेवा आणि नोंदी तपासा. लबाडी केली तर तारण कापलं जातं. विजेचा वापर ९९.९५ टक्क्यांच्या आसपास घटला. त्या वेळचा अंदाज होता वर्षाला ०.००२६ टेरावॉट-तास, म्हणजे २६ लाख युनिट. कांडीवाले, तुमचे माग एक एचपीचे धरतो. चोवीस माग, वीस तास, तीनशे दिवस, की झाले सुमारे १ लाख ७ हजार युनिट. याचा अर्थ जगभरचं इथेरियम म्हणजे तुमच्यासारखे चोवीस-पंचवीस कारखाने. आपल्या एमआयडीसीच्या दोन गल्ल्या!

तुमच्या कंपनीचे '९९ टक्के' बहुधा इथूनच उचललेत. इथेरियमने ते स्वतःच्या जुन्या खपाशी तुलना करून सांगितलं होतं. ज्याने शर्यत कधी लावलीच नाही त्याने 'मी ९९ टक्के कमी पळतो' म्हणण्यात काय पराक्रम? त्यांची साखळी कुठली ते विचारा. हायपरलेजर फॅब्रिकसारखी खासगी असेल तर ती चार-सहा सर्व्हरांवर चालते. मग विजेचा मुद्दा तीन ओळींत संपतो.

अजून एक. 'प्रति व्यवहार इतकी वीज' असा आकडा कुणी दिला तर तो घेऊ नका. सिद्धेश्वर एक्सप्रेस निम्मी रिकामी गेली म्हणून इंजिनाची वीज निम्मी होत नाही. साखळीचंही तसंच आहे. तुमची नोंद असो-नसो, ती चालूच राहते.


झेरॉक्ससम्राट
शुक्रवार, सकाळी ९:१५

माझा मूलभूत प्रश्न. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळून कैक वर्षं झाली, तरी बाहेर विणलेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून विकल्या जातातच ना? आता क्यूआर येणार. क्यूआरची झेरॉक्स निघते हो! माझ्या दुकानात दीड रुपयात काढून देतो. साखळीवरची नोंद कितीही पक्की असो, ती नोंद आणि हातातला टॉवेल यांच्यामध्ये एक लेबल आहे, आणि ते लेबल सुईदोऱ्याने शिवलंय.


हॅशमास्तर
शुक्रवार, सकाळी ९:४०

@झेरॉक्ससम्राट, अगदी. सेंद्रिय कापसाचं २०२० चं प्रकरण आठवा. गॉट्स या मानकाच्या संस्थेने स्वतः जाहीर केलं की भारतात बनावट प्रमाणपत्रांवर सुमारे २०,००० टन साधा कापूस सेंद्रिय म्हणून खपवला गेला. ती कागदपत्रं साखळीवर असती तर बनावटच, पण कायमची झाली असती.


ताळेबंद
शुक्रवार, दुपारी २:२०

सीए आहे, अशा अहवालांची तपासणी करतो, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी कायद्याचा धाक काढून टाका. युरोपात 'मायका' नावाचा क्रिप्टोचा कायदा आहे. त्यात क्रिप्टो नाणी बाजारात आणणाऱ्यांना आणि त्यांची सेवा देणाऱ्यांना साखळीचा वार्षिक वीजवापर जाहीर करावा लागतो, आणि तो ५ लाख युनिटांच्या वर गेला तर अपारंपरिक विजेचा वाटा, उत्सर्जन वगैरे जास्तीची माहितीही. टॉवेलवाल्याला तो लागू नाही. तुमच्या खरेदीदाराच्या ऑफिसातल्या कुणीतरी तिथली प्रश्नावली उचलून तुमच्या ईमेलला चिकटवलेली दिसते. आपल्याकडे सेबीचा बीआरएसआर (कंपनीच्या पर्यावरणीय-सामाजिक जबाबदारीचा) अहवाल २०२२-२३ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना सक्तीचा आहे. तुम्ही त्यातही नाही. मात्र युरोपातली 'डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट'ची, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या डिजिटल कुंडलीची, तरतूद तुमच्या वाटेवर आहे. त्याचा मूळ कायदा जुलै २०२४ मध्ये लागू झाला आणि कापड त्यांच्या प्राधान्ययादीत आहे. मौज अशी की त्या पासपोर्टला ब्लॉकचेन लागतेच असं कायदा म्हणत नाही. साधा नीट ठेवलेला डेटाबेसही चालतो.

आता अहवाल. पहिल्या पानावर हद्द लिहा. आपण काय मोजतोय आणि काय नाही. निम्मे अहवाल इथेच गंडतात, कारण हद्द सोयीने आखलेली असते. साखळीचे सर्व्हर धरायचे. पण नोंदी भरायला घेतलेले फोन, टॅब, लेबल छापायचं यंत्र, नोंदणी कारकुनाचा पगार हे वगळायचं. तीन वर्षांत ते टॅब भंगारात जाणार, तो ई-कचराही साखळीचाच. (बिटकॉइनची खास यंत्रं सव्वा वर्षाच्या आसपास बाद होतात आणि त्यांचा कचरा वर्षाला तीस हजार टनांवर जातो, असा २०२१ च्या एका अभ्यासाचा अंदाज होता. तुमचा प्रकार किरकोळ, पण प्रकार तोच.)

विजेच्या उत्सर्जनाचे दोन आकडे असतात. एक, जिथे वीज वापरली तिथल्या ग्रीडप्रमाणे. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार युनिटामागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या जरा वर. दुसरा, तुम्ही कागदावर कुठली वीज विकत घेतली त्याप्रमाणे. सौर प्रमाणपत्रं घेतली की हा दुसरा आकडा शून्य होतो, आणि रात्री सर्व्हर मात्र कोळशावरच चालतो. दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापा. फक्त शून्य छापणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही, आणि तपासणीच्या वेळी मी तो लपवतही नाही.


कोरडवाहू
शुक्रवार, दुपारी ३:००

त्या कंपनीने 'कार्बन न्यूट्रल साखळी' म्हणून सर्टिफिकेट दिलंय का? दिलं असेल तर कुठल्या सालचे कार्बन क्रेडिट (दुसरीकडे उत्सर्जन घटवल्याची विकत मिळणारी प्रमाणपत्रं) घेतले ते विचारा. २०२१ मध्ये जुनेपुराणे क्रेडिट टोकन करून, म्हणजे साखळीवरच्या नाण्यांत बदलून, विकायची लाट आली होती. ज्यांना बाजारात कुत्रं विचारत नव्हतं असे पडून राहिलेले क्रेडिटही त्यात निघाले. शेवटी मे २०२२ मध्ये व्हेरा या नोंदणी संस्थेने वापरून रद्द केलेल्या क्रेडिटवर टोकन काढायला मनाई केली. आमच्याकडे मागच्या वर्षीचं बियाणं नवीन पिशवीत भरून विकतात, तसंच ते.


उजनीकाठ
शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

सगळे वीज-वीज करताय. या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि अहवालात पाण्याचं पान नाही?

पर्यावरण मंत्रालयाच्या नियमाप्रमाणे जुन्या औष्णिक केंद्रांना प्रति मेगावॉट-तास ३.५ घनमीटरपर्यंत पाणी वापरता येतं, म्हणजे युनिटामागे साडेतीन लिटर. एनटीपीसीचं पाणी उजनीतूनच येतं आणि आपल्या नळाचंही. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २०२३ मध्ये बिटकॉइनच्या पाण्याचा हिशोब मांडला होता; २०२०-२१ या दोन वर्षांचं पाणी ६ लाख ६० हजार ऑलिंपिक तलावांपेक्षा जास्त भरलं. आपल्या चार सर्व्हरांचं पाणी अर्थात घागरभर. पण सूत रंगवायला टँकर किती लागले, त्यातले बोअरचे किती, सांडपाणी कुठे गेलं, हे त्या क्यूआरमध्ये दिसणार आहे का? नसेल तर हिरव्या साखळीने निळं सांडपाणी झाकलं, एवढंच.


कांडीवाला
शुक्रवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार. कंपनीला फोन केला. साखळी खासगी आहे, सहा सर्व्हर, मुंबईतल्या डेटा सेंटरवर. सहाही त्यांचेच. @उजनीकाठ, रंगकाम आम्ही बाहेर करून घेतो. टँकरचा हिशोब मागितल्यावर डाईंगवाला म्हणाला, 'अण्णा, टॉवेल विकायचाय की विहीर?'


हॅशमास्तर
शुक्रवार, रात्री १०:३०

सहाही सर्व्हर एकाच कंपनीचे असतील तर ती साखळी कसली, कुलूप लावलेली एक्सेल शीट म्हणा. निदान एक सर्व्हर खरेदीदाराकडे आणि एखादा इथल्या कारखानदार संघटनेकडे असायला हवा. शिवाय कंपनी उद्या बंद पडली तर तुमच्या नोंदी कुठे जाणार, हेही अहवालात यावं. मेर्स्क आणि आयबीएमसारख्या बलाढ्यांची जहाजमालाची ट्रेडलेन्स साखळीही गुंडाळायचं नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालंच की.

सगळंच टाकाऊ आहे असं मात्र म्हणत नाही. आपल्याच राज्यात गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायला घेतले होते. बनावट दाखला पकडायला तिथे त्याचा उपयोग आहे, कारण पहिली नोंदच मुळात सरकारी अधिकाऱ्याची. तुमच्याकडे पहिली नोंद कोण करणार?


कुंभारीची लेक
शनिवार, सकाळी ६:२०

वरच्या शेवटच्या प्रश्नावर लिहिते. पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

माझी आई बत्तीस वर्षं विड्या वळत होती. आम्ही गोदूताई वसाहतीत राहतो. विडी कामगाराचं एक लॉगबुक असतं. किती विड्या दिल्या, किती मजुरी, फंड किती कापला, ते त्यात. आई सकाळी विड्या घेऊन जायची. तिथला माणूस त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढायचा, आणि त्या छाटलेल्या परतही मिळायच्या नाहीत. पुस्तकात मात्र उरलेल्याच चढायच्या. कधी कधी सहा दिवस काम असून पुस्तकात चारच दिवस. आईला मराठी वाचता येत नाही, घरात तेलुगू. तिने बत्तीस वर्षांत एकदाही लॉगबुकावर शंका घेतली नाही, कारण त्यात काय लिहिलंय हे तिला मी दहावीत गेल्यावर कळलं. फंडाच्या वेळी ऑफिसात सगळे म्हणाले, पुस्तकात आहे तेच खरं.

ते पुस्तक पेनाने लिहिलेलं होतं, तरी खोडता आलं नाही. तुमची साखळी तर म्हणे कुणालाच खोडता येत नाही. कांडी भरणाऱ्या अक्कांचे आठ तास त्यात सहा म्हणून गेले तर?

सामाजिक परिणामात हे येतं का, मला माहीत नाही.


ताळेबंद
शनिवार, सकाळी ८:४५

@कुंभारीची लेक, येतं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

गेली सहा वर्षं मी असे अहवाल तपासतोय. विजेचं पान नेहमी सुबक असतं, कारण मीटर आहे. मजुरीच्या पानावर विशेषणं असतात, कारण तिथे मीटर नाही. मीही आकड्यावर टिक करून पुढे गेलोय, खोटं कशाला बोलू.

कायद्याची एक बाजूही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून मागायचा हक्क दिलाय. कामगाराचं नाव, मजुरी, आधार यातलं काहीही थेट साखळीवर टाकलं तर तो हक्क देणार कसा? तपशील साध्या नोंदवहीत ठेवा आणि साखळीवर फक्त त्याचा हॅश टाका, म्हणजे ठसा. दुरुस्ती झाली की नवा ठसा उमटतो, जुनाही दिसत राहतो. नोंद कधी बदलली हे साखळीवर कळतं, कोणी आणि काय बदललं ते नोंदवहीत.


शाळेची घंटा
शनिवार, सकाळी ११:१०

भाषेचा मुद्दा पुढे नेते. २०१७ पासून जॉर्डनमधल्या निर्वासित छावण्यांत जागतिक अन्न कार्यक्रमाने ब्लॉकचेनवर मदतवाटप केलं. डोळ्याची बुबुळं स्कॅन करायची आणि दुकानातून किराणा घ्यायचा. बँकेला जाणारे पैसे वाचले, हे चांगलंच. पण भुकेल्या माणसाने स्कॅनला 'नाही' म्हणायचं कसं? केनियात २०२३ मध्ये वर्ल्डकॉइन या क्रिप्टो प्रकल्पाने टोकनच्या बदल्यात बुबुळं टिपली तेव्हा लोकांनी रांगा लावल्या, आणि सरकारने ते थांबवलं. कांडीवाले, तुमच्या अॅपवर 'मी सहमत आहे' हे बटण कुठल्या भाषेत आहे? आपल्या शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू बाईला ते तेलुगूत वाचून दाखवणारं कुणी आहे का?


भुईकोट
शनिवार, सकाळी ११:३०

पहिला प्रतिसाद मागं घेतो. सही करू नको बे.


पार्कचौकी
शनिवार, दुपारी १:००

अवांतर : अमेरिकेत टेक्सासमधल्या ग्रॅनबरी गावाजवळ बिटकॉइनची खाण आहे. तिच्या पंख्यांच्या आवाजाने लोकांच्या डोक्याला ताप झालाय, झोप उडालीय, अशा तक्रारी तिथले रहिवासी करतात. वाचून मला आमची जुनी गल्ली आठवली. घरातच माग, त्याच्या शेजारी पाळणा. आमच्या आजोबांना साठीनंतर ऐकू येत नव्हतं, ते कुठल्या अहवालात आलं? आवाजाचं पानही घाला म्हणतो.


कांडीवाला
तीन आठवड्यांनंतर, बुधवार, रात्री ९:५०

उशिरा आलो, माफ करा. काय केलं ते सांगतो.

अडतीस पानं परत पाठवली. आम्ही सात पानं लिहिली. साखळीची वीज खरोखर तीन ओळींत बसली, दोन्ही आकड्यांसह. कारखान्याची बिलं बारा महिन्यांची जोडली. पाण्याच्या पानावर डाईंगवाल्याने हिशोब दिला नाही असं स्पष्ट लिहिलं. ते वाचून त्याने दुसऱ्या दिवशी टँकरच्या पावत्यांची पिशवी आणून दिली, न मोजलेली. मोजतोय. आवाज मोजायचं यंत्र एका मित्राकडून आणलं; ते पान मात्र पूर्ण झालेलं नाही.

सामाजिक भागासाठी एका लॉटवर प्रयोग केला. तास आणि नगाची नोंद झाली की ती लगेच साखळीवर जात नाही, दोन दिवस थांबते. जेवणाच्या सुट्टीत आमच्या शिलाई विभागातल्या अक्का सगळ्यांच्या नोंदी मोठ्याने वाचतात, आधी तेलुगूत, मग मराठीत. पहिल्याच दिवशी तीन चुका निघाल्या. दोन माझ्या कारकुनाच्या. तिसरी मी स्वतः केलेली, एका मागवाल्याचा अर्धा दिवस मी खाल्ला होता. दुरुस्त केल्या आणि तिन्ही अहवालात छापल्या.

काल एजंटाचा फोन आला. म्हणाला, बाकीच्या कारखान्यांच्या अहवालात चुका शून्य आहेत, तुमच्याच तीन कशा? ते पान काढा, ऑर्डरवर परिणाम होईल.


झेरॉक्ससम्राट
बुधवार, रात्री १०:०५

शून्य चुकांचा हजेरीपट? तीस वर्षं झेरॉक्स काढतोय, एकही बघितला नाही.


ताळेबंद
बुधवार, रात्री १०:२०

काढू नका. एजंटाला सांगा की हे पान काढायचं तर तसं खरेदीदाराकडून लेखी आणा. माझा अनुभव असा की लेखी कुणी देत नाही.


कुंभारीची लेक
बुधवार, रात्री १०:४५

आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, मोठ्याने वाचणाऱ्या अक्कांना त्या वेळेची मजुरी मिळते का?


कांडीवाला
बुधवार, रात्री ११:१०

नाही मिळत. डोक्यातच आलं नाही. उद्यापासून अर्धा तास लावतो, आणि मागच्या तीन आठवड्यांचाही.

एजंटाला लेखी मागितलंय, उत्तर नाही. आत्ता लाईट गेलीय, रात्रपाळी जनरेटरवर चालू आहे. @ताळेबंद, डिझेल कुठे धरायचं? आमच्या सात पानांत ते कुठेच नाही.


ताळेबंद
बुधवार, रात्री ११:१५

स्कोप एक, म्हणजे थेट उत्सर्जन. तुमच्याच आवारात जळतंय. टाकीत किती आहे ते आत्ताच बघून ठेवा, लाईट आल्यावर परत बघा.